थेल्मा रिटर: ४५व्या वर्षी पहिला सिनेमा, आणि त्याआधीची वीस वर्षं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४३, बँकेत नोकरी, राज्य नाट्य स्पर्धेत बरीच कामं केलेली, मुलं आता हाताशी आलेली. मालिकांच्या ऑडिशन देताय आणि दर वेळी ‘आईचं काम आहे, दोन-तीन सीन आहेत’ असं ऐकून हिरमुसताय. कुणीतरी सांगितलं की थेल्मा रिटर नावाची अमेरिकन अभिनेत्री ४५व्या वर्षी अचानक कुणाच्या तरी नजरेत भरली आणि पुढे सहा वेळा तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. हे खरं आहे का, आणि तिच्याकडून शिकण्यासारखं काय आहे?

नामांकनं खरी आहेत. ‘अचानक’ मात्र अर्धंच खरं आहे, आणि गोष्टीचा जो भाग कुणी सांगत नाही तोच तुमच्या जास्त उपयोगाचा आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहिते. मी स्वतः आई, आत्या, शेजारीण, नर्स, वसतिगृहाच्या बाई अशीच कामं करत आले आणि आता अभिनय शिकवते. वर्गात मी ज्यांचे प्रसंग सगळ्यात जास्त वेळा लावते त्या या रिटरबाई.

जन्म १४ फेब्रुवारी १९०२, न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन. अभिनयाचं रीतसर शिक्षण अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्समध्ये. त्यानंतर त्या काळात अमेरिकेत गावोगावी असायच्या त्या ‘स्टॉक’ नाटक कंपन्यांमधून कामं. या कंपन्यांचा खाक्या असा, की नाटक आठवडाभर चालायचं आणि पुढच्या आठवड्यात नवं लागायचं. रात्री या आठवड्याचा प्रयोग, सकाळी पुढच्या आठवड्याच्या तालमी. आज म्हातारी, उद्या मोलकरीण, परवा सरदारीण. आपल्याकडे स्पर्धेसाठी एक नाटक तीन-तीन महिने घोटायची सवय असते. तिथे भूमिका चार दिवसांत उभी करावी लागायची, आणि तीही प्रेक्षकाला पटेल अशी. हे ज्यांनी केलं त्यांना ‘आधी मला पात्राचा शोध घेऊ दे’ असं म्हणायला वेळच मिळायचा नाही. पहिल्या वाक्यालाच माणूस उभा करावा लागायचा.

१९२७ साली त्यांनी जोसेफ मोरान या नटाशी लग्न केलं. पुढे मंदीचा काळ आला. दोघांनीही नाटकावर पोट भरणं अवघड होतं. मोरान जाहिरातीच्या धंद्यात गेले आणि तिथे स्थिरावले. बाईंनी रंगभूमी बाजूला ठेवून दोन मुलं वाढवली. हे मी मुद्दाम सांगते आहे. नवऱ्याच्या नोकरीने घर चाललं म्हणून त्यांना थांबता आलं आणि परत येताना कुठलंही काम धरावं लागलं नाही. तुमची बँकेची नोकरी ही तशीच तुमची ढाल आहे. ऑडिशनच्या भरात ती सोडू नका.

मुलं जरा मोठी झाल्यावर, १९४०च्या आसपास, त्या परतल्या त्या रेडिओवर. तुमच्यासाठी माझ्या मते हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे, आणि त्यांच्याबद्दल लिहिणारे तो एका ओळीत उरकतात. त्या काळी अमेरिकेतली बहुतेक रेडिओ नाटकं थेट प्रक्षेपित व्हायची. मायक्रोफोनसमोर उभं राहायचं, हातात कागद, चुकलं तर चुकलं. चेहरा नाही, साडी-चोळी नाही, चाल नाही. बाई किती वर्षांची, कुठल्या वस्तीतली, पैसा आहे की नाही, आत्ता चिडली आहे की दमली आहे, हे सगळं आवाजात आलं पाहिजे. आकाशवाणीवर ज्यांनी श्रुतिका केल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. रिटरबाईंचा आवाज आधीच खरखरीत, नाकातला, अस्सल ब्रुकलिनच्या वळणाचा. रेडिओच्या त्या वर्षांत त्यांनी हा आवाज गोड करायचा प्रयत्न केला नाही. तो अधिक नेमका केला. पुढे पडद्यावर त्यांचं एखादं वाक्य आपल्याला वर्षानुवर्षं आठवतं, त्याचं मूळ तिथे आहे.

आता १९४७. दिग्दर्शक जॉर्ज सीटन हे घरच्या ओळखीतले. ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’ या नाताळच्या सिनेमाचं काही चित्रीकरण ते न्यूयॉर्कला करत होते आणि त्यांनी बाईंना एक छोटंसं काम दिलं. मेसीज नावाचं प्रचंड मोठं दुकान, तिथे सांताक्लॉज बसवलेला, मुलांची रांग. एक मुलगा सांताकडे खेळण्यातला आगीचा बंब मागतो. मागे उभी असलेली आई नको-नको अशा खुणा करते. सांता मुलाला कबूल करून टाकतो. आई मुलाला बाजूला पाठवते आणि सांताला खालच्या आवाजात झापते: अहो, सगळी दुकानं पालथी घातली, कुठेच मिळत नाही, पाय मोडून आलेत, आणि तुम्ही पोराला वचन कसलं देता? सांता शांतपणे दुसऱ्याच एका दुकानाचा पत्ता सांगतो. मेसीजचा माणूस गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवतोय हे तिला कळतच नाही, आणि मग हळूहळू कळतं.

हा प्रसंग मी वर्गात आधी आवाज बंद करून लावते. बाईंचे खांदे बघा. दिवसभर पिशव्या वाहिलेल्या बाईचे खांदे आहेत ते. ती भांडते आहे, पण भांडायलाही अंगात जोर उरलेला नाही, म्हणून पुढे वाकून कुजबुजत भांडते. पत्ता ऐकल्यावर तिला लगेच आनंद होत नाही, आधी संशय येतो. गरिबीत काटकसरीने संसार करणाऱ्या बाईला कुणी फुकट मदत केली की पहिल्यांदा संशयच येतो. हा क्रम पटकथेत फार तर एका ओळीचा असेल. दमणूक, राग, संशय, चकित होणं आणि मग कृतज्ञता, एवढं सगळं त्यांनी त्या इवल्या जागेत बसवलं, आणि एकही पायरी गाळली नाही.

स्टुडिओचे प्रमुख डॅरिल झॅनक यांनी हे काम पाहिलं, भूमिका वाढवायला सांगितली आणि पुढे ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा करार झाला. सिनेमाच्या श्रेयनामावलीत मात्र बाईंचं नाव नाही. दोन वर्षांनी आलेल्या ‘अ लेटर टू थ्री वाइव्ज’मध्येही नाही, आणि तिथे तर त्यांना रुळांलगतच्या घरातला तो अफलातून प्रसंग आहे: गाडी गेली की अख्खं स्वयंपाकघर हादरतं आणि आत बसलेल्या बायकांना त्याचं काही वाटत नाही.

या सिनेमाचे लेखक-दिग्दर्शक जोसेफ मॅन्किविट्झ. त्यांनी पुढच्याच वर्षी ‘ऑल अबाउट ईव्ह’मध्ये बर्डी ही भूमिका बाईंनाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिली. मोठी रंगभूमीवरची नटी मार्गो, म्हणजे बेटी डेव्हिस, आणि तिची ड्रेसर, म्हणजे तिचे कपडे सांभाळणारी मदतनीस, बर्डी. ईव्ह नावाची एक गरीब दिसणारी मुलगी मार्गोच्या मेकअपच्या खोलीत येऊन आपली करुण कहाणी सांगते. सगळे हेलावतात. बर्डी एक फटकळ वाक्य टाकते, मार्गो तिला दटावते, आणि बर्डी ईव्हची माफी मागते: माझी बोलायची पद्धतच अशी आहे. ही माफी खरी आहे. बर्डीही त्या कहाणीने हलली आहे. पुढे तीच सगळ्यांच्या आधी ओळखते की ही पोरगी मार्गोचा एखाद्या पुस्तकासारखा अभ्यास करते आहे, आणि मार्गोला तसं सांगते. बर्डी पहिल्यापासूनच चतुर दाखवली असती तर त्या सांगण्याला वजन आलं नसतं. आधी फसली, मग निरखत राहिली, मग बोलली, म्हणून आपण तिचं ऐकतो.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगते. सिनेमा अर्ध्यावर आला की बर्डी जवळजवळ गायबच होते. मला हा लेखनातला दोष वाटतो. जी बाई सगळं ओळखते ती पुढच्या गदारोळात कुठे गेली? तुमच्याही बाबतीत हे होणार आहे. मालिकेत आईचा ट्रॅक मध्येच बंद पडतो, कुणी कारणही सांगत नाही. रिटरबाईंच्या हातात जेवढे प्रसंग होते त्यांत त्यांनी बर्डी इतकी भक्कम उभी केली की पुढे ती नसल्याचं प्रेक्षकाला जाणवत राहतं.

या भूमिकेने पहिलं नामांकन दिलं. पुढच्या तीन वर्षांतही ओळीने नामांकनं आली: ‘द मेटिंग सीझन’, ‘विथ अ साँग इन माय हार्ट’ आणि ‘पिकअप ऑन साउथ स्ट्रीट’. नंतर ‘पिलो टॉक’ आणि ‘बर्डमन ऑफ अल्कट्राझ’. एकूण सहा, सगळी सहाय्यक अभिनेत्रीची, आणि पुरस्कार एकदाही नाही.

‘द मेटिंग सीझन’ (१९५१) हा तुम्ही सगळ्यात आधी बघा. जर्सी सिटीत हॅम्बर्गरची टपरी चालवणारी एलन. टपरी बुडते, ती मुलाकडे येते. मुलाने मोठ्या घरच्या मुलीशी नुकतंच लग्न केलंय. दार उघडणारी सून, म्हणजे जीन टिअर्नी, तिला आचारीण समजते, कारण पार्टीसाठी एजन्सीकडून बाई यायची असते. एलन हो म्हणते आणि सासू असून त्या घरात स्वयंपाकीण म्हणून राहते. आपल्याकडे हे कथानक आलं असतं तर प्रत्येक प्रसंगात आईच्या डोळ्यांत पाणी आणि मागे सतार. रिटरबाई तसं काही करत नाहीत. त्या कामाला लागतात. टपरीवर आयुष्य काढलेल्या बाईचे हात आहेत. स्वयंपाकघर ताब्यात आल्यावर त्या हातांना बरंच वाटतं. आईचं दुःख आपल्याला कळतं ते त्या कामात असताना मध्येच क्षणभर थांबतात तेव्हा. खरं तर ती त्या सिनेमाची नायिका आहे. जाहिरातीत नाव चौथं आणि नामांकन सहाय्यक म्हणून. भूमिकेच्या लांबीची चिंता करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी हे उदाहरण देते.

बाईंच्या भूमिका एकापाठोपाठ बघितल्या की एक गोष्ट ठळक दिसते: त्यांची जवळजवळ प्रत्येक बाई कमावती आहे. ड्रेसर, आचारीण, नर्स, मोलकरीण, खोल्या भाड्याने देणारी. तिला पगार किती, मालकीण कशी, रात्री घरी जायला उशीर झाला तर काय, हे बाईंना पक्कं माहीत असावं असं वाटतं. त्यामुळे नायक-नायिकेच्या प्रेमप्रकरणाकडे ती बाई कामावरून वेळ काढून बघते आहे असं दिसतं. तिथूनच विनोद येतो. हॉलिवूडच्या चकचकीत दिवाणखान्यात ती बाहेरची हवा घेऊन येते.

हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’मधली (१९५४) स्टेला आठवा. पाय प्लास्टरमध्ये घालून खिडकीशी बसलेल्या जेम्स स्ट्युअर्टला मालिश करायला येणारी, विमा कंपनीने पाठवलेली नर्स. ती येते ती बोलतच, आणि बोलता बोलता थर्मामीटर त्याच्या तोंडात, त्याला पालथं घालणं, तेल ओतणं, चोळणं. तेल गार आहे म्हणून तो कुरकुरतो तर तिच्याकडे त्यावरही उत्तर तयार. लांबलचक संवाद आहे तो: लोकांच्या खिडक्यांत डोकावू नये, लग्न कर, १९२९ची मंदी मला आधीच कशी कळली होती. दुसऱ्या कुणी हा संवाद उभं राहून म्हटला असता तर ते व्याख्यान झालं असतं. इथे हात एका लयीत चालू आहेत आणि वाक्यं त्या लयीवर बसली आहेत. जोर लावायचा तिथे शब्दही जोरात, हात सैल झाला की आवाज खाली. मी मुलांना हा प्रसंग पाठ करून खरोखर कणीक मळत म्हणायला लावते. पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाही. एक तर कणीक थांबते नाही तर वाक्य. शिवाय गंमत बघा, लोकांच्या घरात डोकावू नये म्हणणारी ही बाई पुढे स्वतःच दुर्बिणीला डोळे लावते, आणि खून कुठे, कसा केला असेल याचा तपशील समोरचा न्याहारी करत असताना मांडते. उपदेश आणि उत्सुकता दोन्ही एकाच माणसात. शेजारीण करायची वेळ आली तर हे विसरू नका.

आणि ‘पिकअप ऑन साउथ स्ट्रीट’ (१९५३). दिग्दर्शक सॅम्युएल फुलर, जे आधी न्यूयॉर्कला गुन्हेगारीच्या बातम्या देणारे वार्ताहर होते. बाई यात मो नावाची म्हातारी आहेत. रस्त्यावर टाय विकते, आणि पाकीटमारांची खबर पोलिसांना विकते. पैसे साठवते आहे ते स्वतःच्या पुरण्यासाठी: चांगली जागा आणि वर दगड. बेवारस प्रेतांसोबत पुरलं जाऊ नये एवढीच तिची इच्छा.

एका रात्री ती दमून खोलीवर येते, ग्रामोफोनवर तबकडी लावते, आणि बघते तर एक माणूस पिस्तूल घेऊन बसलेला. त्याला एका पाकीटमाराचा पत्ता हवाय. मो आयुष्यभर पत्ते विकत आली. आज हा विकायचा नाही असं ठरवते. मग ती बोलते. पाठ दुखते, डोकं दुखतं, रात्री झोप नाही, सकाळी उठून कपडे करून रस्त्यावर जायचं जिवावर येतं, जिने चढवत नाहीत. नुसतं मरण्यासाठी कमवायचं. तू माझं डोकं उडवलंस तर उपकारच होतील. कॅमेरा तिच्यावरून सरकत ग्रामोफोनवर जातो आणि गोळीचा आवाज येतो.

वर्गात मुलं हे बघून रडतात आणि मग मी विचारते, ती कुठे रडली? ती रडलेलीच नाही. दुखण्याची ती यादी बाई तक्रार म्हणून म्हणत नाहीत. दुकानदार रात्री गल्ला मोजतो तसा हिशोब मांडतात. मारेकऱ्याची दया मागायची नाही हे एकदा ठरवल्यावर आवाजाला सोडूनच द्यायचं असतं, आणि त्यांनी तो सोडला आहे. आपल्याकडे मरणाचा प्रसंग मिळाला की नट त्यावर तुटून पडतो. तुम्हीही स्पर्धेच्या नाटकांत वाढलेल्या आहात, परीक्षकाला दिसेल एवढं करायची सवय हाडात असणार. ती कॅमेऱ्यासमोर सगळ्यात आधी मोडावी लागते. पात्राला स्वतःची कीव येऊ द्यायची नाही, प्रेक्षकाला काय ते येऊ दे.

आता वाईट बाजू. १९५५ साली टेलिव्हिजनवर पॅडी चायेफ्स्की यांचं ‘द केटर्ड अफेअर’ हे नाटक झालं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या टॅक्सीवाल्याची बायको, मुलीचं लग्न थाटात करायचा ध्यास घेतलेली आई. मुख्य भूमिका रिटरबाईंची, आणि तिला एमी या टेलिव्हिजन पुरस्काराचं नामांकनही मिळालं. वर्षभराने त्यावर सिनेमा निघाला तेव्हा ती आई केली बेटी डेव्हिसने. म्हणजे ‘ऑल अबाउट ईव्ह’मध्ये जिची ड्रेसर झाल्या तिच्याकडेच त्यांची मुख्य भूमिका गेली. डेव्हिस थोर नटी, वाद नाही. पण ब्रुकलिनच्या बाईने त्याच शहरातल्या ब्राँक्सची बाई करण्याला जे मोल होतं, ते तिकीटबारीच्या हिशोबात धरलं गेलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. असे निर्णय तुमच्याही वाट्याला येतील, आणि त्यांचा तुमच्या कामाच्या दर्जाशी संबंध असेलच असं नाही.

बाई मात्र थांबल्या नाहीत. घर न्यूयॉर्कलाच ठेवलेलं होतं. १९५७मध्ये ‘न्यू गर्ल इन टाउन’ या संगीत नाटकात ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, उतरल्या, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी गाणी म्हटली, आणि १९५८चं संगीत नाटकातल्या सर्वोत्तम अभिनेत्रीचं टोनी हे रंगभूमीवरचं मानाचं पारितोषिक मिळवलं. तेही त्याच नाटकाची नायिका ग्वेन व्हर्डन हिच्याबरोबर विभागून. ऑस्करच्या सहा हुकलेल्या संधींची गोष्ट सांगणारे हे टोनी हमखास विसरतात. त्यानंतर ‘पिलो टॉक’मधली सदा झिंगलेली मोलकरीण आल्मा, आणि ‘द मिसफिट्स’मधली रेनोची घरमालकीण, मेरिलिन मन्रो आणि क्लार्क गेबल यांच्यासोबत.

‘बर्डमन ऑफ अल्कट्राझ’ (१९६२) सगळ्यात शेवटी बघा, आधीच्या सगळ्या प्रेमळ बायका पाहून झाल्यावर. बर्ट लँकेस्टर जन्मठेपेचा कैदी, बाई त्याची आई. मुलाला फाशीपासून वाचवायला ती थेट वॉशिंग्टनपर्यंत धडक मारते. पण तुरुंगातच त्याचं लग्न होतं, दुसरी स्त्री त्याच्या आयुष्यात येते, आणि हीच आई त्याच्या सुटकेच्या विरोधात उभी राहते. मुलगा गजांआड असला तरी चालेल, माझा असला पाहिजे. बाईंनी यासाठी आवाज बदलला नाही, चेहरा कठोर केला नाही. ज्या प्रेमाने फाशी टाळली त्याच प्रेमाने त्या हे करतात, आणि अंगावर काटा येतो. आईची भूमिका एकसुरी असते असं पुन्हा वाटलं तर हे पाहा.

५ फेब्रुवारी १९६९ला न्यूयॉर्कमध्ये हृदयविकाराने त्या गेल्या. शेवटचा सिनेमा १९६८चा, दिग्दर्शक पुन्हा जॉर्ज सीटन, ज्यांनी मेसीजच्या रांगेत त्यांना पहिल्यांदा उभं केलं होतं.

तुमच्यापुरतं बोलायचं तर परिस्थिती सारखी नाही. त्यांना स्टुडिओचा करार होता, मॅन्किविट्झसारखे लेखक त्यांच्यासाठी भूमिका लिहीत होते. मालिकेत तुम्हाला संवाद सेटवर मिळतील, कधी शॉटच्या दहा मिनिटं आधी. म्हणूनच स्टॉक कंपनी आणि रेडिओ या दोन ठिकाणी त्यांची वर्षानुवर्षं जी तयारी झाली, ती तुम्ही आत्तापासून सुरू करा. रोज एक अनोळखी उतारा घ्या, पाच मिनिटं वाचा आणि फोनवर फक्त आवाज रेकॉर्ड करा. दुसऱ्या कुणाला ऐकवून विचारा, ही बाई किती वर्षांची, काय करते, कुठे राहते? उत्तरं बरोबर येऊ लागली की मग व्हिडिओ करा. ऑडिशनला आईचं काम मिळालं तर विचारा, ही दिवसभर काय करते? ‘घरीच असते’ असं सांगतील. तरी तुम्ही तिला एक काम द्या, मेथी निवडणं, कपड्यांच्या घड्या, गॅसच्या बिलाचा हिशोब, काहीही, आणि समोरच्याचं वाक्य ऐकताना ते थांबवू नका. जिथे खरंच थांबावंसं वाटेल तिथेच थांबा. असा एक व्हिडिओ केलात तर मला जरूर पाठवा, मी पाहून सविस्तर कळवेन.